टीपॉयवरचं पुस्तक

गेल्या शुक्रवारी आमच्याकडे कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा होती. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे दिवस, त्यामुळे घर भरलेलं. सतरंज्या घातल्या, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाच्या प्रती काढल्या, चहाचं आधण ठेवलं, आणि टीपॉयवरचं पुस्तक उचलायचं तेवढं राहून गेलं. काळं कव्हर, त्यावर अर्धवट उघडं दार आणि दाराखालून आलेला रक्ताचा ओघळ. शेवटची प्रार्थना झाली, सगळ्यांनी आमेन म्हणून डोळे उघडले आणि संडे स्कूलच्या आमच्या जुन्या बाईंची नजर नेमकी तिथे गेली.

"हे काय गं?"

"कादंबरी आहे बाई. ख्रिस्तीच आहे."

"ख्रिस्ती?" त्यांनी ते दोन बोटांत धरून उचललं, शिळा बोंबील उचलावा तसं. "मग हे रक्त कुणाचं?"

लोक हसले. मग बाईंनी बायबलातलं फिलिप्पै ४:८ हे वचन काढलं. जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही न्याय्य, जे काही शुद्ध, त्याचं मनन करा. "यातलं शुद्ध काय ते मला दाखव." मला तेव्हा काही सुचलं नाही, मी चहा गाळायला आत पळाले. बाई फेसबुकवर आहेत, सगळं वाचतात आणि कशालाच लाइक करत नाहीत. तेव्हा उत्तर इथेच देते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: इंग्रजीत, मुख्यतः अमेरिकेत, ख्रिस्ती थ्रिलर नावाचं एक वेगळं कपाटच आहे. खून, अपहरण, माथेफिरू मारेकरी, सगळं असतं. फक्त नायक प्रार्थना करणारा असतो, किंवा प्रार्थना सुटलेला. शिवीगाळ आणि बेडरूम या प्रकाशकांना चालत नाही. त्यामुळे सहा मुडदे पाडलेला माणूस बोट दारात चेंगरलं तरी "अरे देवा" इतकंही म्हणत नाही. यावर मी पुष्कळ हसलेय. कॅम्पातल्या फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं मिळायची तेव्हापासून वाचतेय, आता फोनवरही वाचते.

आणि बाई, ही चटक तुम्हीच लावलीत. बायबलातलं शास्ते, अध्याय ३. फ्लॅनेलच्या फळ्यावर तुम्ही मवाबाचा राजा एग्लोन चिकटवला होता, गुलाबी कापडाचा, चांगला गरगरीत. डावखुरा एहूद उजव्या मांडीला कपड्यांखाली दुधारी सुरी बांधून येतो, राजाला म्हणतो गुप्त निरोप आहे, सगळ्यांना बाहेर काढायला लावतो. मग सुरी मुठीसकट आत जाते आणि वरून चरबी मिटते. एहूद दारं लावून पसार. नोकर बाहेर ताटकळत, का, तर महाराज शौचाला बसले असतील! हे सांगताना तुम्ही आवाज इतका खाली आणला होता की मागच्या बाकावरचा पोरगा रडायला लागला. आम्ही नऊ-दहा वर्षांचे होतो. पुढच्या रविवारी सेनापती सीसरा आणि त्याच्या कानशिलात ठोकलेली तंबूची मेख. तेव्हा फिलिप्पै कुठे होतं?

बंद खोलीतल्या खुनाचं हे कथानक आपल्या शास्त्रातच आहे. दावीद राजा एकाची बायको घेतो आणि त्याला मारवतो; नाथान संदेष्टा त्याला गरिबाची मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, दावीद संतापून शिक्षा ठोठावतो आणि मग नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच. गुन्हेगार उघडा पाडण्याची याहून देखणी रीत मी तरी वाचलेली नाही. माझ्या कॅथलिक मैत्रिणीच्या बायबलात तर दानिएल चक्क डिटेक्टिव्ह आहे. देवळात मूर्तीपुढचा नैवेद्य रोज रात्री गायब होतो, तो जमिनीवर राख पसरवून ठेवतो, आणि सकाळी राखेत पुजाऱ्यांची, त्यांच्या बायकापोरांची पावलं. आम्हा प्रॉटेस्टंटांच्या पवित्र शास्त्रात ही गोष्ट नाही, याचा मला खरंच मत्सर वाटतो.

पण मला खटकतं ते वेगळंच. रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू रहस्यकथाही लिहायचे. १९२९ साली त्यांनी रहस्यकथेचे दहा नियम घातले आणि त्यातला दुसराच असा, की अलौकिक शक्तीला कथेत थारा नाही. पुढे याच माणसाने बायबलचं इंग्रजी भाषांतर केलं! देवावर श्रद्धा नव्हती म्हणून त्यांनी देवाला बाहेर ठेवलं असं कोण म्हणेल? ख्रिस्ती थ्रिलरवाल्यांना नेमकं हेच उमगत नाही. तीनशे पानं गुंता करायचा आणि शेवटी लेखकाला सुटेना म्हटल्यावर देवाला बोलवायचं, हिंदी सिनेमात शेवटी पोलीस येतात तसं. असं पुस्तक मिटलं की मला रक्ताची नाही, त्या शेवटाची शिसारी येते.

दुसरं खटकणं जरा खोल आहे. फ्रँक पेरेटींची १९८६ सालची 'धिस प्रेझेंट डार्कनेस' ही या प्रकारातली फार गाजलेली कादंबरी. अमेरिकेतलं लहानसं गाव, वरती देवदूत आणि दुष्टात्म्यांची लढाई, खाली पाळक आणि वर्तमानपत्राचा संपादक. मंडळी प्रार्थना करतात तसं देवदूतांना बळ येतं. कॉलेजात असताना मी ती एका रात्रीत वाचली होती, आणि प्रार्थनेला बसताना पाठीवर काटा यायचा, हेही खरं. पण त्यात दुष्टात्मे गावात शिरतात ते ध्यानधारणेच्या वाटेने. आता हे पुण्यात बसून कसं वाचायचं? आमच्या भिंतीपलीकडच्या काकू रोज पहाटे पाचला ध्यानाला बसतात. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो म्हणणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी आम्ही रविवारी गातो. आणि पेरेटींनी नाव ज्या वचनावरून घेतलं, इफिस ६:१२, ते सांगतं की आपलं झगडणं रक्तमांसाशी नाही. म्हणजे शत्रू शेजारी नाही. शीर्षक तिथून घेतलं आणि पुस्तकात बोट शेजाऱ्याकडेच दाखवलं, असं मला आज वाटतं. हे बाईंना चाललं असतं बहुतेक, कारण त्याच्या कव्हरवर रक्त नाही.

टीपॉयवरचं पुस्तक त्यातलं नाही. तीन वर्षांपूर्वी ह्यांना अठरा दिवस आयसीयूत ठेवलं होतं. स्तोत्रसंहिता पर्समध्ये होती, उघडवत नव्हती. उघडली तरी ओळी नुसत्या डोळ्यांखालून जायच्या. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी हे वाचत होते. एका बाईची मुलगी हरवलीय, चौथा दिवस आहे. ती गुडघे टेकते, आमच्या स्वर्गातील पित्या म्हणते, तुझे राज्य येवो इथपर्यंत येते आणि थांबते. पुढचं वाक्य तोंडातून निघत नाही. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हटलं आणि त्याची इच्छा वेगळीच असली तर? ती उठते आणि भांडी घासायला लागते. देवदूत येत नाही, आकाशवाणी होत नाही.

मीही चार दिवस तिथेच अडले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. मीटिंगमध्ये नंतर जी साक्ष दिली त्यातही नाही; साक्षीत आपण शेवट झाल्यावरचं बोलतो. चर्चमध्ये गुड फ्रायडेला वधस्तंभावरच्या येशूचे सात उद्गार होतात, ईस्टरला पहाटेची उपासना होते. मधल्या शनिवारी, येशू कबरेत असतो तेव्हा, आम्ही कपड्यांना इस्त्री करत असतो. त्या शनिवारबद्दल मी सगळ्यात जास्त वाचलंय ते या असल्या पुस्तकांत.

(त्या अठरा दिवसांत दोन्ही वेळचा डबा भिंतीपलीकडच्या काकूंकडून यायचा. पेरेटींना कळवायला हवं.)

मराठीत असं काही माझ्या तरी पाहण्यात नाही. बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं १८५७ साली, मराठी कादंबरीची सुरुवात ख्रिस्ती माणसाकडून मानली जाते, आणि आज आमच्यातला एक जण धड रहस्यकथा लिहीत नाही! जागांचा तोटा आहे का? पंचहौद मिशनमधल्या १८९० सालच्या चहावरून या शहराने लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यामागे ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, लावलं होतं. त्याच चहात कुणी काही कालवलं असतं तर, एवढा विचार कुणीतरी करा. कुणाच्या ड्रॉवरमध्ये हस्तलिखित पडलं असेल तर मला पाठवा, शिवीसकट वाचेन.

आणि बाई, पुस्तक अजून टीपॉयवरच आहे. पान २१२ वर मी लाइट बिल खूण म्हणून घातलंय. तेवढं पान वाचा आणि मग शुद्ध काय ते बोलू. मात्र पान उलटू नका, पुढे खून आहे.