न्यायाधीशांनी दर पंधरवड्याला बोलवावं

२०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी (मेफेड्रोन) ही नशेची पावडर बनवणारा कारखाना सापडला आणि पुढच्या फेब्रुवारीत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याहून मोठा. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय निघाला की दोन वाक्यांत संपतो: विकणाऱ्याला फाशी द्या, घेणाऱ्याला आत टाका. नाशिकला असलेला माझा मावसभाऊ तर उपचाराचं नाव काढलं तरी चिडतो. "व्यसन यांनी लावून घ्यायचं आणि खर्च आम्ही करायचा?" असं तो विचारतो. दादाचा राग खोटा नाही. त्याच्या जवळच्या मित्राचा मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला या पावडरीच्या नादी लागला, घरातले दागिने गेले, आईवर हात उगारण्यापर्यंत मजल गेली. पण मी ज्या बेटावर राहते तिथे फाशीही देऊन झाली आहे, कैदही झाली आहे आणि न्यायालयाच्या देखरेखीखालचा उपचारही सुरू झालेला आहे. तेव्हा या तिन्हींबद्दल इथून जे दिसतं ते सांगायलाच हवं.

मी त्रिनिदादच्या दक्षिणेला, सान फर्नांडो शहरात राहते आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवते. बेटाच्या टोकापासून व्हेनेझुएलाचा किनारा जेमतेम ११ किलोमीटरवर आहे. दक्षिण अमेरिकेतलं कोकेन अमेरिकेकडे आणि युरोपकडे जाताना कॅरिबियन बेटांवरून जातं आणि वाटेत थोडं थोडं इथल्या वस्त्यांमध्ये मुरतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बहामामध्ये ओढायच्या कोकेनची अक्षरशः साथ आली होती. पाठोपाठ त्रिनिदाद, जमैका, बार्बाडोस. पावडरीपेक्षा हे ओढायचं कोकेन स्वस्त पडतं आणि फार लवकर पकडतं. दारू तर त्याच्याही आधीपासून आहे. उसाच्या मळ्यांवर १८४५ पासून आणलेल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशजांमध्ये रम हा पिढ्यान्‌पिढ्यांचा आजार आहे. हे लोक मूळचे बहुतेक भोजपुरी मुलखातले, मराठी माणूस इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. तरी दारूने बसलेल्या घरातली बाई कशी गप्प होते, हे ओळखायला मला भाषा लागली नाही.

आता फाशीबद्दल. पिपारो नावाचं एक डोंगराळ गाव आमच्यापासून फार लांब नाही. तिथे डोल चाडी नावाचा मादक पदार्थांच्या धंद्यातला बडा माणूस राहायचा. त्याचं मोठं घर, त्याचा दरारा, गावातल्या लोकांना त्याने केलेली मदत, यांच्या गोष्टी इथले जुने लोक अजून सांगतात. एका कुटुंबातल्या चार जणांच्या खुनाबद्दल चाडी आणि त्याच्या टोळीतल्या आठ जणांना जून १९९९ मध्ये फासावर चढवण्यात आलं. चार दिवसांत नऊ माणसं. बाहेर लोकांना समाधान वाटलं आणि ते का वाटलं हे मी समजू शकते, गुन्हा तसाच होता. पण कोकेन थांबलं नाही. रिकाम्या जागेवर दुसरे आले, टोळ्या वाढल्या, बंदुका वाढल्या. पिपारोतली चाडीची मालमत्ता सरकारजमा झाली आणि पुढे तिथेच व्यसनाधीन पुरुषांसाठी पुनर्वसन केंद्र काढण्यात आलं. फाशीनंतरही व्यसनी माणसं होती तिथेच होती, आणि अखेर त्यांच्यासाठी खाटा मांडाव्या लागल्या. दादाने हे गाव एकदा बघावं असं मला फार वाटतं.

न्यायालयाच्या देखरेखीखालचा उपचार म्हणजे नेमकं काय, हे आपल्याकडे फारसं कुणी समजावून सांगत नाही. 'सोडून देणं' असा त्याचा अर्थ घेतला जातो. ही कल्पना १९८९ साली मायामीत सुरू झाली, कारण तिथे तीच तीच माणसं चोरी, तुरुंग, सुटका, पुन्हा चोरी अशी फिरत होती. जमैकाने १९९९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००१ मध्ये तिथली न्यायालयं सुरू झाली. त्रिनिदादमधलं पहिलं न्यायालय २०१२ मध्ये आमच्या सान फर्नांडोतच प्रयोग म्हणून सुरू झालं, बार्बाडोसचं २०१४ मध्ये. केमन बेटांनीही कायदा केला. हिंसक गुन्ह्यातल्या आरोपीला सहसा इथे प्रवेश नसतो. ज्याच्या गुन्ह्याचं मूळ व्यसनात आहे, त्याची आधी तपासणी होते, मग त्याची संमती घेतली जाते. बहुतेक ठिकाणी गुन्हा कबूल करावा लागतो. शिक्षा बाजूला ठेवली जाते आणि उपचार सुरू होतो: समुपदेशन, गटबैठका, अचानक होणारी लघवीची तपासणी, कामधंद्याचं शिक्षण. आणि सुरुवातीला दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला न्यायाधीशांसमोर हजर राहायचं. न्यायाधीश एकच, दरवेळी तेच. सुनावणीआधी ते सरकारी वकील, बचाव पक्षाचे वकील, परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी आणि समुपदेशक यांच्याबरोबर बसून प्रत्येकाचा आढावा घेतात. मग त्या माणसाला नावाने हाक मारून विचारतात, कसं चाललंय, नोकरीचं काय झालं, आई कशी आहे. नीट चाललं असेल तर सगळ्यांसमोर कौतुक, चुकारपणा केला तर बंधनं वाढतात. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ हे टिकवलं की निरोपाचा छोटा समारंभ होतो.

ज्याच्याकडे गेली कित्येक वर्षं पोलिसांशिवाय कुणी मान वर करून पाहिलेलं नाही, त्याला काळ्या कोटातला माणूस दर पंधरवड्याला नीट ऐकून घेतो. सगळ्या व्यवस्थेत औषध म्हणून मला सर्वात जास्त भरवसा याच गोष्टीचा वाटतो. तुरुंगात राहणं सोपं नसतं, पण तिथे कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. इथे द्यावं लागतं.

आता आपला कायदा बघा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४अ आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात पूर्ण उपचार घेईल तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. कलम ३९ त्याहून महत्त्वाचं. त्यानुसार दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला लगेच कैदेत न पाठवता, त्याच्या संमतीने, बंधपत्रावर उपचारासाठी सोडता येतं. उपचाराचा अहवाल घेऊन त्याने जास्तीत जास्त एका वर्षात न्यायालयापुढे यायचं. म्हणजे जमैकाला १९९९ मध्ये जे नव्याने लिहावं लागलं, त्याचा सांगाडा आपल्याकडे आधीपासून आहे. फरक पडतो तो त्या एका वर्षात. आपल्या कलमात न्यायाधीश माणसाला सोडतात आणि वर्षाअखेर कागद बघतात. मधल्या काळात तो कुठे घसरला, कुणी सावरलं, हे न्यायालयाला कळतच नाही. पण कायद्यात 'एका वर्षाच्या आत' असं म्हटलं आहे. दर पंधरवड्याला बोलवू नका, असं कुठेही म्हटलेलं नाही. एखाद्या न्यायाधीशाने मनावर घेतलं तर विधिमंडळाची वाट बघायची गरज नाही.

इथलं सगळं सुरळीत आहे असं मात्र समजू नका. या न्यायालयांतून जाणाऱ्यांची संख्या लहानच राहिली आहे. न्यायाधीश 'उपचार घ्या' म्हणाले तरी खाट हवी ना! काउरा रुग्णालयातलं सरकारी उपचार केंद्र उत्तरेच्या डोंगरांतल्या एका खोऱ्यात आहे (क्षयरोग्यांसाठी बांधलेली ही जुनी जागा). आमच्या भागातल्या माणसाला तिथे जायचं तर अख्खं बेट ओलांडावं लागतं. पोर्ट ऑफ स्पेनमधल्या रीबर्थ हाऊससारख्या संस्थांनी किती वर्षं भार उचलला आहे, पण पैशांची चणचण त्यांच्या पाचवीला पुजलेली. स्त्रियांसाठी जागा तर फारच कमी. बार्बाडोसमध्ये पुरुषांसाठी व्हर्डन हाऊस आहे आणि स्त्रियांसाठी वेगळं मरीना हाऊस, पण अशी सोय सगळ्या बेटांवर नाही. लहान मूल असलेल्या बाईला केंद्रात जा म्हणायचं आणि मुलाचं काय ते बोलायचं नाही, हा अन्याय इथेही होतो आणि आपल्याकडेही.

दुसरी अडचण अशी की या न्यायालयांत कुणाला आणायचं. नुसती गांजाची पुडी सापडलेल्या पोराला वर्षभराच्या देखरेखीत अडकवणं म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हे. जमैकाने २०१५ मध्ये दोन औंसांपर्यंतचा गांजा फौजदारी गुन्ह्यातून काढला. आता पावती फाडून ५०० जमैकन डॉलर भरायचे, आणि अठरा वर्षांखालचा मुलगा असेल किंवा व्यसन जडल्याचं दिसत असेल तर पोलीस त्याला समुपदेशनासाठी मादक पदार्थांच्या गैरवापराविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेकडे पाठवतात. त्रिनिदादने २०१९ च्या अखेरीस ३० ग्रॅमची मर्यादा घालून तसंच केलं. आपल्याकडे मात्र चिमूटभर गांजालाही वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. ज्यांना उपचाराची गरजच नाही त्यांना वगळलं तरच खरे आजारी दिसू लागतात. मला हे धोरण पटतं. त्यामुळे तरुण गांजाकडे जास्त वळतील ही पालकांची भीतीही मी रोज वर्गात उभी राहून अनुभवते, आणि म्हणूनच शाळेत समुपदेशक असावा यासाठी भांडते.

आणि घसरणीला कैद हे उत्तर असू नये. व्यसनात माणूस पुन्हा पिणार, पुन्हा ओढणार हे उपचार करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. काही न्यायालयं चाचणी बिघडली की चार दिवस कोठडी देतात. मला ते चूक वाटतं. खोटं बोलला, पळून गेला तर जरूर जाब विचारा, पण आजाराच्या लक्षणाला शिक्षा नको. आपल्या देशात तर काही खासगी केंद्रांतून मारहाणीच्या, माणूस दगावल्याच्या बातम्या येतात. अशा ठिकाणी न्यायालयाने कुणाला पाठवलं तर तुरुंग बरा होता असं म्हणायची पाळी येईल.

महाराष्ट्राकडे चांगल्या केंद्रांचा वारसा आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाईंच्या पाठबळावर मुक्तांगण सुरू केलं. मुंबईत फादर जो परेरा यांची कृपा फाउंडेशन १९८१ पासून काम करते आहे. तरी एम्सने २०१९ मध्ये दिलेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. खर्च आम्ही का करायचा, या दादाच्या प्रश्नाला माझं उत्तर इथेच आहे: उरलेल्या सदतीस घरांचा खर्च आजही कुणीतरी करतंच आहे, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा एक बाई असते.

सुरुवात पुण्यात करावी असं मला वाटतं. येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे आणि मुक्तांगणही येरवड्यातच आहे. एनडीपीएसची प्रकरणं चालवणाऱ्या एका न्यायाधीशांनी आठवड्यातली एक दुपार कलम ३९ खाली येणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवावी. शासनाने पंधरा-वीस खाटांचे पैसे संस्थेला आगाऊ द्यावेत, त्यातल्या काही स्त्रियांसाठी. एक परिवीक्षा अधिकारी पूर्ण वेळ. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आरोपीला त्याच्या भाषेत सांगावं की ही वाट आहे, नको असेल तर नेहमीचा खटला आहेच. आणि दोन वर्षांनी किती जण टिकले, किती पुन्हा पकडले गेले, हे आकडे चांगले असोत की वाईट, जसे असतील तसे छापावेत.