अगं बाळा, सिंकिंग फंडाचं काय घेऊन बसलीस!

सोसायटीच्या ग्रुपवर कुणी नको तो प्रश्न विचारला, तर त्याला शिवी देऊ नका. शिवी देणारा फसतो. स्क्रीनशॉट निघतो, तो कुणाच्या तरी वकील भाच्याकडे जातो आणि पुढच्या गणपतीत आरतीला शेजारी उभं राहायची पंचाईत होते. शिवाय शिवी देताना समोरच्याला आपण बरोबरीचा मानतो, हा तोटा वेगळाच. त्यापेक्षा प्रेम करा. दोन शब्दांत, एका गुलाबासकट, सगळ्यांच्या देखत. माणूस जागच्या जागी दोन फुटांचा होतो आणि वर तक्रार करायला त्याला तोंड उरत नाही.

हे ऐकीव ज्ञान नाही. प्रयोग माझ्यावरच झालेला आहे.

मी ५४ वर्षांची. त्यातली तीसेक वर्षं लोकांच्या खतावण्या तपासण्यात गेली. गेल्या ऑगस्टमध्ये गच्चीचा कोपरा आणि माझ्या बेडरूमचं छत जोडीने गळायला लागलं, तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं: "नमस्कार. उपविधींप्रमाणे आपण दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत भरतो. दोन्हींत आज शिल्लक किती आणि ती कुठल्या ठेवीत आहे, हे वार्षिक सभेच्या आधी कळेल का?" (सिंकिंग फंड म्हणजे इमारत म्हातारी झाल्यावरच्या मोठ्या कामांसाठी बाजूला टाकत जायचे पैसे.)

चार मिनिटांत खजिनदारांचं उत्तर आलं. हे गृहस्थ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ते मला पुढे त्यांच्या पंचेचाळिशीच्या केकच्या फोटोवरून कळलं.

"अगं बाळा, तू नवीन आहेस ना, म्हणून घाबरलीस. सिंकिंग फंडाचं काय घेऊन बसलीस! आम्ही आहोत ना. निवांत राहा, चहा घे."

त्यापुढे डोळे मिटून हसणारा चेहरा, लाल बदाम, जोडलेले हात आणि गुलाब. चित्रं चार, आकडा एकही नाही.

दहा मिनिटांत त्या उत्तराखाली एकोणीस बदाम जमले. माझ्या प्रश्नाखाली एक होता, तो मागाहून कुणीतरी काढून घेतला.

आता यातली कारागिरी बघा. 'बाळ' हा शब्द नपुंसकलिंगी. ज्याला बाळ म्हटलं त्याचं लिंग, वय, शिक्षण आणि फ्लॅट नंबर एका फटक्यात गेलं. बाळ भुकेलेलं असतं, झोपेला आलेलं असतं, घाबरलेलं असतं. बाळाला ताळेबंद हवाय, असं कुठल्याच अंगाईत येत नाही. त्यामुळे बाळाने काही विचारलं तर उत्तर द्यायचं नसतं, थोपटायचं असतं. खजिनदारांनी मला भर ग्रुपवर थोपटलं आणि ते वात्सल्य बघून चौथ्या मजल्याचे डोळे पाणावले. (कोकणीत आपल्याहून लहान मुलीबद्दल बोलताना सरळ नपुंसकलिंग वापरतात, 'तें आयलें' म्हणतात. पण ती घरातली जुनी रीत आहे. गोव्यातल्या कुठल्या आजीने ती कुणाचा हिशेब दडवायला काढलेली नाही.)

'अगं'कडेही दुर्लक्ष नको. अर्धं काम तेच करतं. वाक्य 'अगं'ने सुरू झालं की पुढे माहिती येणार नाही, याची वाचणाऱ्यांना खात्री पटते आणि ती निर्धास्त होतात.

मात्र प्रत्येकाला बाळा म्हणून भागत नाही, गिऱ्हाईक बघून पुडी बांधावी. पस्तिशीच्या बाईला 'काकू' म्हणा; प्रश्न विसरून ती आरशाकडे जाते. पंचविशीच्या, नुकतीच सनद मिळालेल्या वकील मुलीला 'ताई' म्हणा, आणि 'ताई'नंतर न चुकता 'आधी' घाला: "ताई, आधी अभ्यास वाढवा." पुरुषाला 'भाऊ', सोबत 'शांत घ्या'. तो शांतच असतो, पण शांत घ्या म्हटल्यावर त्याला ते सिद्ध करावं लागतं आणि त्या भरात तो चिडतो. फारच तापलेल्या माणसाला 'माऊली' म्हणावं. माऊली म्हटल्यावर कोण ओरडणार? आणि अगदी मुद्देसूद लिहिणारा भेटला तर पायरी वर चढवा: "आपण फारच विद्वान दिसता." मराठीने आपल्याला तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या दिल्यात, आणि तिन्हींवरून ढकलता येतं. इंग्रजीवाल्यांकडे एकटं 'यू', म्हणून त्यांना हनी, स्वीटी असलं काहीबाही जोडावं लागतं. त्यातलं 'डिअर' आपण उचललं. ज्यांनी लग्नाच्या बायकोला जन्मात डिअर म्हटलं नाही, ते अनोळखी बाईच्या पोस्टखाली "डिअर, इतका राग तब्येतीला चांगला नाही" असं लिहून जातात.

या पद्धतीची खरी मजबुती तक्रारीच्या वेळी कळते. मी करून पाहिली. "मला कृपया नावाने हाक मारा," एवढंच लिहिलं. खजिनदार म्हणाले, "प्रेमाने म्हटलं गं." दुसरे एक म्हणाले, हल्ली प्रेमाने बोलायचीही चोरी झाली. तिसऱ्यांनी गोड बोलण्याचं महत्त्व सांगणारं संस्कृत सुभाषित टाकलं, त्यात दोन विसर्ग चुकलेले. बी विंगमधल्या एका बाईंनी आईच्या मायेवरची कविता पाठवली, ती उघडायला 'अधिक वाचा' दोनदा दाबावं लागलं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एकच विषय होता: मी मूळची अशी तुसडी आहे की हे वयामुळे झालं. सिंकिंग फंड खाली कुठेतरी बुडाला, नावाला जागून. छत गळतच होतं. त्या दिवशी बादलीखाली मी जुनं बेडशीटही घातलं.

चित्रांचं शास्त्र जरा वेगळं आहे, त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने एक सूचना मांडली. गमतीने लिहिलेल्या मजकुरापुढे विसर्गासारखी दोन टिंबं, एक आडवी रेघ आणि एक कंस टाकावा, म्हणजे वाचणाऱ्यांचा गैरसमज होणार नाही. जे गमतीने लिहिलेलं नाही, त्यापुढे कंस उलटा करावा. भला माणूस. आपलं म्हणणं समोरच्याला नीट कळावं म्हणून लोक लिहितात, अशी त्याची समजूत असावी. पुढे १९९९ मध्ये जपानच्या डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत एकेक करून १७६ चित्रं बसवली. कुठल्याही भाषेतलं अक्षर सगळ्या यंत्रांवर सारखंच उमटावं म्हणून अक्षरांची यादी ठेवणाऱ्या युनिकोडने २०१० पासून या चित्रांना, म्हणजे इमोजींना, आपल्या यादीत घेतलं आणि ती सगळ्यांच्या फोनात आली.

आणि मग ती आपल्या हाती लागली. फालमनसाहेबांचा नियम आपण फक्त उलटा फिरवला: खरंच लागेल असं लिहा आणि पुढे गमतीची खूण टाका. "तुम्हाला या वयात हे झेपणार का," आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा. समोरचा चिडला, तर ती गंमत होती. नाही चिडला, तर लागलंय. दोन्हीकडून तुमचंच दान. याच चेहऱ्याला ऑक्सफर्ड डिक्शनरीवाल्यांनी २०१५ साली 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडलं होतं. आमच्या ग्रुपवर तो शेवटचा दिसला तेव्हा एका मुलीने लिहिलं होतं, "लिफ्ट तीन दिवस बंद आहे, आईला डायलिसिसला कसं न्यायचं?" खाली तीन चेहरे, पोट धरून. पाठवणाऱ्याचं म्हणणं, त्याला तो चेहरा रडणारा वाटला. वाटलाही असेल. चष्म्याचा नंबर आणि स्वभाव यांत फरक करता येत नाही, हीच तर या चित्रांची सोय.

जोडलेले हात फार उपयोगाचे. मराठीत कोपरापासून नमस्कार करतात तो कंटाळून, आता पुरे म्हणून. फोनवरच्या त्या चित्रात कोपरं दिसत नाहीत, त्यामुळे नम्रपणा आणि पिटाळून लावणं एकाच कळीवर बसतं.

अंगठा मात्र जपून. फोनचा अंगठा म्हणतो होय आणि मराठीतला अंगठा म्हणतो ठेंगा. पदाधिकाऱ्याने या दोहोंच्या मधोमध राहायचं असतं. पण पैशाच्या गोष्टीखाली अंगठा कधीही ठेवू नका. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका धान्य खरेदीदाराने जवसाच्या सौद्याच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवला, शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला, आणि जवस काही आलं नाही. २०२३ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी तो अंगठा म्हणजे सही धरली आणि शेतकऱ्याला ८२ हजारांवर कॅनेडियन डॉलर भरायला सांगितले. शेतकऱ्याचं म्हणणं होतं, अंगठा म्हणजे फक्त 'निरोप मिळाला'. आमच्याकडच्या सावकारांना यात नवीन काही वाटलं नसतं. त्यांच्या वहीत अंगठ्याचा अर्थ कधीच ठरलेला होता. तेव्हा पैशाखाली गुलाब ठेवा. गुलाबावर अजून कुणी कोर्टात गेलेलं माझ्या ऐकिवात नाही.

हल्ली तर एवढीही दगदग उरलेली नाही. २०२२ च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपने थेट निरोपालाच चित्र चिकटवायची सोय केली. प्रश्नावर बोट दाबून धरायचं, बदाम निवडायचा, सोडायचं. प्रश्न तसाच राहतो, फक्त त्याच्या अंगावर टिकली दिसते.

एक पथ्य मात्र कडक पाळा. हे प्रेम वरच्या दिशेने करू नये. निबंधक कार्यालयात तुमची फाइल ज्याच्या टेबलावर आहे, त्याला "अरे सोन्या, झालं का रे?" असं विचारून बघा. बिल्डरला पिल्लू म्हणा. पगारवाढीच्या महिन्यात साहेबांच्या ईमेलला "किती गोड विचारलंत!" असं उत्तर द्या. 'बाळा' हा शब्द गच्चीतल्या पाण्यासारखा आहे, वरून खालीच झिरपतो.

यावर एखादी म्हणेल, म्हणजे कुणी मायेने हाकच मारायची नाही का? मारावी की! माझी शाळेतली मैत्रीण मला चाळीस वर्षं 'म्हशे' म्हणते आणि मी तिच्याशिवाय कुणाला रिपोर्ट दाखवत नाही. आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली मला 'बाय' म्हणते, सगळ्यांनाच म्हणते. "ये गं बाय. मेथी वीस रुपये जुडी, कमी न्हाई व्हायची." बाय म्हणून झाल्यावर लगेच आकडा सांगते. तुम्हाला तिच्यासारखं बोलायचं असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.

तर, सप्टेंबर उजाडला. वार्षिक सभा तीस तारखेच्या आत घ्यावीच लागते, म्हणून नोटीस लागली. सोबत हिशेबपत्रकं नव्हती. मी दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी, सकाळच्या सुविचारांचा पूर ओसरल्यावर, मीही प्रेम करून पाहायचं ठरवलं.

"अरे सोन्या, ऑडिट रिपोर्ट जोडायला विसरलास का रे पिल्लू? घाई नको हं. आधी दूध पी."

पुढे डोळे मिटून हसणारा चेहरा, लाल बदाम, जोडलेले हात, गुलाब. त्यांचीच चार चित्रं, त्याच क्रमाने.

दीड मिनिट लागलं असेल. "मॅडम, हा सोसायटीचा अधिकृत ग्रुप आहे. भाषेची मर्यादा पाळावी. मी निवडून आलेला पदाधिकारी आहे." पूर्णविराम तीन, चित्र एकही नाही. त्यांना इतकं सुबक मराठी लिहिता येतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. 'अगं'ची आता 'मॅडम' झाली होती.

मी लिहिलं, "प्रेमाने म्हटलं रे."

मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. अध्यक्षांच्या नावापुढे 'टायपिंग' असं सहा मिनिटं दिसत होतं, आलं काहीच नाही. बी विंगच्या बाईंनी या खेपेला कविता पाठवली नाही. एकोणीस बदामवाले सगळे ऑनलाइन होते.

रात्री अकराच्या सुमाराला खजिनदारांनी एक फोटो टाकला. वर मजकूर नाही, बाळा नाही, गुलाब नाही. मुदत ठेवीची पावती होती, ट्यूबलाइटखाली डाव्या हातात धरून काढलेली. बँकेचं नाव स्वच्छ दिसत होतं, शाखा दिसत होती, तारीखसुद्धा. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

रकमेवर त्यांचा अंगठा होता.