हाजी अलीचा स्पंज आणि चमचाभर पूड

सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला दिसणाऱ्या स्पंज या समुद्री प्राण्याच्या अंगातच कॅन्सरचं औषध असतं. कंपन्यांनी ते सत्तर वर्षं दडवलं. स्पंज सुकवून त्याची चमचाभर पूड रोज कोमट पाण्यातून घ्यावी. आणि शास्त्रज्ञ आता त्यातले जिवाणू वाढवून हेच औषध फुकटात काढणार आहेत. सगळं धादांत खोटं असतं तर डिलीट करून मोकळं होता आलं असतं. पण यात खऱ्याचे तुकडे मिसळलेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी दडवादडवी. १९५० च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ वर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या एका स्पंजमध्ये विचित्र न्यूक्लिओसाइड (डीएनएच्या घटकांसारखे रेणू) सापडले. त्यातली साखर नेहमीची नव्हती, अरॅबिनोज होती. तो धागा धरून प्रयोगशाळेत सायटॅराबिन बनलं आणि १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. घरातलं कुणी एएमएल या रक्ताच्या कॅन्सरसाठी परळच्या टाटात दाखल झालं असेल, तर सात दिवस रात्रंदिवस चालणारी ती सलाइन तुम्ही पाहिली असेल. त्यातलं औषध हेच. पन्नासहून जास्त वर्षं वॉर्डात उघड टांगलेल्या गोष्टीला दडवलेली कसं म्हणायचं?

ते सलाइनमधूनच का देतात, यातच पुडीचंही उत्तर आहे. तोंडावाटे घेतलं तर आतडी आणि यकृतातलं एक एन्झाइम सायटॅराबिन मोडून टाकतं. रक्तात पोचतं ते फारच थोडं. शिवाय हाजी अलीच्या दगडाखाली चिकटलेला नारिंगी-पिवळा थर म्हणजे फ्लोरिडाचा तो स्पंज नव्हे. स्पंजच्या हजारो जाती आहेत आणि प्रत्येकीचं रसायन वेगळं. आता पुडीत खरोखर काय येईल ते बघा. बहुतेक स्पंजांचा सांगाडा सिलिकाच्या बारीक सुयांचा असतो, नुसता हात लावला तरी काहींनी कातडी चुरचुरते. हा प्राणी दिवसभर पाणी गाळून जगतो. किलोभर स्पंजमधून दिवसाला हजारो लिटर पाणी जातं. वरळी आणि वांद्र्याहून शहराचं सांडपाणी ज्या समुद्रात सोडतात तिथलं पाणी! गाळलेल्यातले जड धातू त्याच्या अंगात साठतात. हे चमच्याने खायचं, तेही केमो चालू असलेल्या माणसाने?

बरं, एवढं करून औषध हाती किती लागतं? न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळून एका जातीचा टनभर स्पंज काढला, तेव्हा त्यातून हॅलिकॉन्ड्रिन बी हे कॅन्सरविरोधी संयुग मिळालं जेमतेम ३०० मिलिग्रॅम.

मला सगळ्यात रस आहे तो 'औषध त्याच्या अंगातच असतं' या वाक्यात. असतं, पण बनवतं कोण? काही स्पंजांच्या वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, नुसत्या सूक्ष्मजीवांचा असतो. मालकाच्या नावाची पाटी आणि आत भाडेकरूंची गर्दी, असा प्रकार. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेत जॉन फॉकनर यांच्या गटाने पलाऊ बेटांजवळचा 'थिओनेला स्विन्होई' हा स्पंज घेतला, त्याच्या पेशी सुट्या केल्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगवेगळे गट पाडले आणि प्रत्येक गट तपासला. तोवर संशय सायनोबॅक्टेरियांवर, म्हणजे उन्हावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंवर होता. ते निर्दोष सुटले. स्विन्होलाइड हे संयुग सापडलं साध्या एकपेशीय जिवाणूंच्या गटात, आणि एक पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा रेणू) धाग्यांसारख्या लांब जिवाणूंत. स्पंजच्या स्वतःच्या पेशींत दोन्ही नव्हती. २०१४ मध्ये यॉर्न पील आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या याच जातीच्या स्पंजमधल्या धागेदार जिवाणूचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचला. त्याचं नाव एन्टोथिओनेला. त्या स्पंजमधली माहीत असलेली जवळपास सगळी जैवसक्रिय (सजीवांवर परिणाम करणारी) संयुगं बनवणारी जनुकं या एकट्याकडे निघाली.

म्हणून 'सगळं जिवाणूच करतात, स्पंज नुसता ठोकळा' असं मात्र म्हणू नका. हल्ली तो उलटा मेसेजही ऐकू येतो. अ‍ॅव्हरॉल नावाचं संयुग 'डिसिडिया अवारा' या स्पंजच्या स्वतःच्याच पेशींत सापडतं. टर्पीन या प्रकारची संयुगं बनवणाऱ्या एन्झाइमची जनुकं खुद्द स्पंजच्या जीनोममध्ये असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे प्रत्येक संयुगाचा कर्ता वेगळा शोधावा लागतो.

राहिलं फुकटात काढणं. जिवाणू मिळाला म्हणजे तो बरणीत दह्यासारखा लागेल, हा गैरसमज आहे. स्पंजबाहेर काढले की यातले बहुतेक वाढतच नाहीत. २०१४ च्या त्या कामातही एन्टोथिओनेला वाढवून दाखवला नव्हता. थेट स्पंजमधून वेचलेल्या पेशींचा डीएनए वाचला होता. जनुकं दुसऱ्या जिवाणूत घालून काम करून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण लांबलचक जनुकसंचांची ही यंत्रणा परक्या पेशीत सहज चालत नाही.

आणि हॅलिकॉन्ड्रिनचं काय झालं? १९८६ मध्ये हिराता आणि उएमुरा यांनी ते जपानच्या स्पंजमधून वेगळं केलं, १९९२ मध्ये हार्वर्डला योशितो किशी यांच्या गटाने ते पूर्ण प्रयोगशाळेत घडवलं. त्या रेणूचा सुमारे अर्धा भाग ठेवून एरिब्युलिन तयार झालं, आणि २०१० पासून ते पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवर शिरेतून देतात. त्यासाठी स्पंज काढावा लागत नाही की जिवाणू वाढवावा लागत नाही. साठच्या वर रासायनिक पायऱ्यांनी ते कारखान्यात बनतं, आणि स्वस्त मुळीच नाही.