"नुसतं धुऊन टाका" म्हणे!

ड्रिफ्टवूड, म्हणजे माशांच्या टाकीत सजावटीला ठेवायचं लाकूड, विकणाऱ्यांचं ठरलेलं पालुपद: "रेडी आहे साहेब, नळाखाली धरायचं आणि टाकीत टाकायचं." डोंबलाचं रेडी! टाकल्या टाकल्या ते बुचासारखं वर येतं, आणि तिसऱ्या दिवशी टाकीत कोरा चहा. तक्रार केली की म्हणे पाणी बदला. किती वेळा, ते मात्र कुणी सांगत नाही.

ते सांगायला हवं दुकानातच. ब्रशने घासा, उरलेली साल सोलून काढा, कारण टाकीत आधी सडते ती सालच. नख रुतलं तर लाकूड कुजकं आहे, परत करा. मग तासभर उकळा, काळं पाणी ओता, नवं घ्या, पुन्हा उकळा. असं तीन-चार वेळा. टॅनिन, म्हणजे पाण्याला चहाचा रंग देणारं द्रव्य, सुटतं आणि आतली हवा निघते, तेव्हा कुठे ते बुडायच्या गोष्टी करतं. पुढे बादलीत वजनाखाली दाबून ठेवायचं आणि एक-दोन दिवसांनी पाणी बदलत राहायचं. मलेशियन लाकूड बहुधा लगेच बुडतं. स्पायडरवूड नावाच्या फांद्याफांद्यांच्या लाकडाला मात्र तीन-चार आठवडेही लागतात. गॅस कुणाचा जळतो? विकणाऱ्याचा नक्कीच नाही. पातेलंही वेगळं हवं. वरणाच्या पातेल्यात हा उद्योग कोण करू देईल?

त्यात शहाण्यांचे सल्ले. साबणाने धू, ब्लीचमध्ये बुडव. अरे, लाकूड आहे ते, काचेची बरणी नव्हे! जे पाजाल ते पिऊन बसतं आणि मग माशांच्या पाण्यात सोडत राहतं. तरंगतंय म्हणून लोखंडी खिळा ठोकणारे वेगळेच. स्टेनलेसचा स्क्रू घ्या आणि खाली ग्रॅनाइटचा तुकडा बसवा. शहाबादी नको, ती चुनखडीची फरशी, पाणी जड करते.

सगळ्यात डोकं फिरतं ते पांढऱ्या बुळबुळीवर. नव्या लाकडावर आठवडाभरात कापसासारखा थर धरतो. लाकडातून सुटणाऱ्या साखरेवर बुरशी आणि जिवाणू जगतात, इतकंच. काही आठवड्यांत आपोआप जातो, घाई असेल तर जुन्या टूथब्रशने काढा आणि नळीने ओढून घ्या. कोळंबी आणि गोगलगायी तर आवडीने खातात. पण नाही! काउंटरवरून निळ्या औषधाची बाटली पुढे सरकते. मग सिलिकॉन निळं पडतं, फिल्टरमधले चांगले जिवाणू मरतात, आणि दोष जातो माशांच्या नशिबाला. लाकूड काढायचं कधी? मऊ पडलं किंवा सडक्या अंड्याचा वास आला, तेव्हा.

चहाच्या रंगाने मासे मरत नाहीत, टेट्रा-बेट्टा जातीच्या माशांना तर तो मानवतो. नकोच असेल तर फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी ठेवा आणि महिन्याभराने बदला. टॅनिनने पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, उतरतो खरा, पण बोअरच्या जड पाण्यात तो फारसा हलतही नाही. तरी पीएच वाढवायची पावडर त्याच काउंटरवर, निळ्या बाटलीच्या शेजारीच मांडलेली असते.