भन्तेजींचे नातेवाईक कोण? – एका प्रतिक्रियेला उत्तर

जय भीम.

तुम्ही नाव दिलेलं नाही, खाली नुसतं 'एक उपासक' आहे, म्हणून तसंच म्हणतो. आमच्या विहारातले भिक्खू, भन्तेजी, यांच्या अपघाती मरणावर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आयुष्यभर 'अनित्य' ऐकलेली माणसं विहारात रडत बसली, मृतासाठी पाणी ओतायचा जलदान विधी म्हणजे मागच्या दाराने आत आलेलं श्राद्ध, आणि भिक्खूच्या मरणावर भरपाई मागणं म्हणजे त्याचं चीवर, अंगावरचं भगवं वस्त्र, विकून खाणं. शेवटचं वाक्य लागलं. उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी त्या सकाळचं सांगतो, लेखात मी ते घाईत उरकलं होतं. शेजारच्या वस्तीत भोजनदान असलं की भन्तेजी पायीच निघायचे, उजाडायच्या आत, रस्त्याची कड धरून. मागून गाडी आली, उडवून निघून गेली. मी पोचलो तेव्हा हवालदार पंचनामा लिहीत होते. 'अंगावर भगवे कपडे.' 'एक स्टीलचे भांडे, चेपलेले.' मी म्हटलं, साहेब, ते भिक्षापात्र आहे. त्यांनी मान हलवली आणि भांडंच राहू दिलं. मग विचारलं, "नातेवाईक कोण?"

आम्ही दहा-अकरा जण होतो तिथे. एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. भाऊ आहे त्यांना, पण घर सोडलेल्या माणसाचा भाऊ म्हणजे नक्की कोण लागतो? शेवटी आमच्या विहारातली एक म्हातारी पुढे झाली. म्हणाली, "माझं नाव लिहा. नऊ वर्षं पात्रात भात मीच वाढला." आणि ती रडली. तुम्हाला खटकलेलं रडणं ते हे.

कुशीनाऱ्याला भगवान बुद्धांच्या अखेरच्या वेळी त्यांचा सेवक आनंद दाराच्या खुंटीला टेकून रडत होता, हे तुम्ही वाचलं असेलच. भगवंतांनी त्याला बोलावून 'शोक करू नकोस' म्हटलं, खरं आहे. पण त्याच बोलण्यात त्याने केलेल्या सेवेचं मोलही सांगितलं. आपण पहिलंच वाक्य पाठ करतो.

पण मला त्या दिवसापासून आठवतोय तो बाहिय. 'उदान' या पाली ग्रंथातल्या बोधिवग्गातलं दहावं सुत्त. हा बाहिय आपल्याकडचा, सुप्पारक म्हणजे नालासोपाऱ्याचा. भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली जिथला स्तूप खणला, तेच सोपारा. सालीची वल्कलं नेसणारा हा माणूस तिथून श्रावस्तीला गेला. भगवंत भिक्षेला निघालेले, रस्त्यातच त्यांना अडवून म्हणाला, आत्ताच धम्म सांगा, आयुष्याचा भरवसा नाही, तुमच्याही आणि माझ्याही. दोनदा नकार मिळाला, तिसऱ्यांदा उपदेश. 'पाहिलेल्यात फक्त पाहिलेलंच असेल' हे तिथलंच. भगवंत पुढे गेले आणि थोड्याच वेळात लहान वासरू असलेल्या गाईने बाहियाला धडक मारली. जागीच गेला. (अट्ठकथेत, म्हणजे नंतरच्या टीकाग्रंथात, त्या गाईच्या मागे पूर्वजन्मीचं वैर जोडलंय. मूळ सुत्तात तसं काही नाही. आमच्याकडेही दवाखान्याबाहेर कोणीतरी 'मागच्या जन्मीचं असेल' म्हणालंच.)

भिक्षेहून परतताना भगवंतांना तो मेलेला दिसला. ते भिक्खूंना म्हणाले, याचं शरीर उचला, मंचकावर घ्या, बाहेर नेऊन दहन करा, स्तूप बांधा. आणि कारण एकच दिलं: 'सब्रह्मचारी वो भिक्खवे कालङ्कतो', तुमचा सोबती गेला आहे. बाहियाची अजून उपसंपदा, म्हणजे भिक्खू म्हणून दीक्षासुद्धा झाली नव्हती! हवालदाराच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला माहीत नाही. त्या सकाळी ते मला सुचलं नाही, ही माझी खंत.

आता जलदान. इथे तुमचं अर्धं बरोबर आहे. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांतली सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष नको, पिंडदान नको असं स्पष्ट सांगते. आणि पेला भरून वाहीपर्यंत पाणी ओतत 'इतो दिन्नं पेतानं उपकप्पति' म्हणताना माझीही जीभ अडखळते, कारण इथून दिलेलं प्रेतांना पोचतं असाच तिचा सरळ अर्थ. आम्ही ती गाथा गाळली, 'अनिच्चा वत सङ्खारा' (सगळे संस्कार अनित्य आहेत) तेवढी म्हटली. कोणी डोकं भादरलं नाही, कावळ्याची वाट पाहिली नाही. पण नंतर जेवणावळ झाली, बुंदीसकट, ती मलाही पटली नाही. तिथे हवं तेवढं बोला.

भरपाईचं मात्र ऐकून घ्या. ठोकून पळालेली गाडी सापडली नाही तर मृताच्या वारसाला सरकारी योजनेतून 2 लाख मिळतात. 1 एप्रिल 2022 पूर्वी 25 हजार होते. भिक्खूला वारस कुठला, असं एसडीओ (उपविभागीय अधिकारी) ऑफिसात आम्हालाही ऐकवलं. मिझोराममध्ये एका ख्रिस्ती संस्थेचा संसार सोडलेला ब्रदर रस्त्यावरच्या अपघातात गेला, तेव्हा विमा कंपनीचाही हाच मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं की ज्याने संसार सोडून संस्थेला वाहून घेतलं, त्याची कायदेशीर प्रतिनिधी ती संस्थाच. ते प्रकरण विम्याच्या दाव्याचं, आमचं या योजनेचं, तरी त्या निकालाची प्रत आम्ही अर्जाला जोडलीय. पैसे आले तर विहाराच्या खात्यात येतील. आले नाहीत तरी आमचा माणूस गेला हे कुठेतरी कागदावर लागेल. चीवर विकायचं म्हणाल, तर ते पंचनाम्यात जप्त आहे.

पात्रही ठाण्यातच आहे, मुद्देमाल म्हणून. विनयाप्रमाणे, म्हणजे भिक्खूंच्या नियमांप्रमाणे, गेलेल्या भिक्खूचं पात्र-चीवर संघाचं, आणि आजारात ज्याने सेवा केली त्याला संघ ते देतो. गेल्या थंडीत भन्तेजी न्यूमोनियाने पडले होते तेव्हा एका श्रामणेराने (शिकाऊ भिक्खूने) रात्रंदिवस केलं, त्याला द्यायचं ठरलंय. परवा तो अर्ज घेऊन ठाण्यात गेला. 'मयताशी नाते' या रकान्यात त्याने 'सब्रह्मचारी' लिहिलं. मुन्शी दोनदा वाचून म्हणाला, हे आमच्याकडे चालत नाही.

सोमवारी अकराला परत बोलावलंय. दोन साक्षीदार आणा म्हणाले, एक मी आहे. तुम्ही जवळपासचे असाल तर आधार कार्ड घेऊन या.