केमो चालू असताना "फक्त झोपून राहा" सांगणाऱ्या मेसेजबद्दल

सगळीकडे फिरतोय तो मेसेज काल काकांनी आमच्या घरच्या ग्रुपवरही टाकला. ट्रीटमेंट संपेपर्यंत पूर्ण बेडरेस्ट घ्या, ताकद केमोसाठी राखून ठेवा, चालल्याने रक्त जोरात फिरतं आणि कॅन्सर पसरतो, वजन उचललं तर हात सुजतो, असं सगळं त्यात आहे. काकूची केमो सुरू झालीये म्हणून काकांनी काळजीनेच टाकला, पण आईच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या वेळी आम्ही नेमकं हेच करून बसलो होतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

ताकद राखून ठेवा म्हणे. अहो, पडून राहून ताकद साठत नाही, वापरले नाहीत तर स्नायू झपाट्याने उतरतात. आईला आम्ही पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. केमोच्या पाचव्या फेरीपर्यंत तिची ही गत झाली की पलंगावरून उठायचं तर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, श्वास धरून, तिसऱ्या प्रयत्नात कशीबशी उभी राहायची आणि आम्ही म्हणायचो केमोने थकलीये. केमोचा थकवा असतोच, पण त्यात भर आम्ही घातली. मग एक फिजिओताई भेटल्या, त्यांनी पहिल्या दिवशी फक्त खुर्चीतून पाच वेळा उठबस करून घेतली, मग दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत, आणि पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी आई स्वतःच उठून गॅसपाशी गेली आणि तिने चहा ठेवला.

चालल्याने पसरतो? झोपलेल्या माणसाचं रक्तही साधारण मिनिटभरात अंगभर फिरून येतं. आणि 2025 मध्ये 'चॅलेंज' नावाच्या ट्रायलचा निकाल आलाय, त्यात 889 पेशंट, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले, सगळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे, ऑपरेशन आणि केमो झालेले. निम्म्यांना तीन वर्षं व्यायामाचा कार्यक्रम दिला, बाकीच्यांना नुसती माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी कॅन्सर परत किंवा नवा न होता हयात असलेले व्यायामवाल्यांत 80.3 टक्के, पुस्तिकावाल्यांत 73.9. आठ वर्षांनी हयात असलेले 90.3 आणि 83.2 टक्के. हा व्यायाम केमो संपल्यावरचा होता हे खरं, पण केमो-रेडिएशन चालू असतानाही व्यायाम करावा असं अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने, ॲस्कोने, 2022 लाच सांगितलंय, कारण त्याने थकवा कमी होतो.

हात सुजण्याचं म्हणाल तर ब्रेस्ट कॅन्सरनंतर हाताला सूज असलेल्या 141 बायकांपैकी साधारण निम्म्यांकडून देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलून घेतली, 2009 ला ते छापून आलं, सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

आता दादाचं म्हणणं, की डॉक्टर सांगतातच ना फिरत जा म्हणून, वेगळं काय पाहिजे. मला सगळ्यात जास्त इथेच बोलायचंय. त्या ट्रायलमध्ये नुसता कागद हातात मिळालेले लोकच मागे पडले रे! दुसऱ्या गटाला पहिले सहा महिने दर पंधरा दिवसांनी भेटणारं माणूस होतं, किती चाललात, कुठे अडलं विचारणारं, आणि पुढेही तीन वर्षं कोणीतरी पाठीशी होतं. आईच्या फाइलमध्ये औषधांचे डोस होते, डाएटचा कागद होता, पण किती चालायचं, कधी थांबायचं याची एक ओळ नव्हती. फिजिओताई आम्हाला ओळखीतून मिळाल्या, ज्याची ओळख नाही त्याने काय करायचं? केमोच्या कागदावरच फिजिओचं नाव आणि तारीख असायला हवी.

जपायचं नाही असं नाहीये. ट्रायलमध्ये सांधे-स्नायूंच्या तक्रारी व्यायामवाल्यांना जास्त झाल्या, 18.5 टक्के, दुसरीकडे 11.5. ताप असेल, प्लेटलेट फार खाली असतील, कॅन्सर हाडात गेला असेल, तर विचारल्याशिवाय काही करू नका. आणि केमो सोडून नुसतं चाला असं तर कोणीच म्हणत नाहीये, ट्रायलमधल्या सगळ्यांनी केमो पूर्ण केली होती.

काका, सोमवारी काकूच्या ओपीडीला मी येते बरोबर. फिजिओची चिठ्ठी लिहून घेऊनच निघू.