१२०० रुपयांच्या तिकिटाबद्दल आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रविवारी तुम्ही आमचं तीन भागांचं, साडेसात तासांचं नाटक पाहिलंत आणि सविस्तर अभिप्राय लिहिलात, त्याबद्दल आभार. नाटक आवडलं, तक्रार तिकिटाची आहे. चांगलं नाटक ४०० रुपयांत बघायला मिळतं, मग १२०० कशाचे? पैसे वसूल करायला लांबी वाढवली. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर रात्रभराचं नाटक याहून कितीतरी स्वस्तात होतं. हे तुमचे मुद्दे. दर आम्ही कमी करणार नाही. का, ते सांगतो.

सभागृह आम्हाला सत्रावर मिळतं: सकाळ, दुपार, रात्र. नेहमीच्या नाटकाचं एका सत्रात भागतं. आमचं सकाळचं सत्र नेपथ्य आणि लाइट लावण्यात गेलं, दुपार आणि रात्र प्रयोगात. म्हणजे तीन सत्रांचं भाडं, आणि तिकीटविक्री मात्र एकाच प्रयोगाची. नाइटचंही, म्हणजे प्रत्येक प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनाचंही, तसंच. रविवारी नट दुपारी एक आणि रात्री एक असे दोन प्रयोग करू शकतो. आमच्याकडे त्याचा अख्खा दिवस बांधला जातो. म्हणून त्याला दोन नाइट देतो, बॅकस्टेजच्या मुलांनाही. त्यात काटकसर करायची माझी तयारी नाही. दुसऱ्या मध्यंतरात तुम्ही सगळे बाहेर जेवत होतात, तेव्हा आत दिवाणखाना उतरवून अंगण उभं करणं चाललं होतं. फ्लॅटमागचे, म्हणजे नेपथ्यातल्या उभ्या भिंतींमागचे, टेकू सोडवणारा मुलगा पोळी-भाजीची गुंडाळी दातांत धरून दोन्ही हातांनी काम करत होता. त्याला बसून जेवायला मिळालं ते प्रयोग संपल्यावर.

आता करांचं. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. त्यापुढे गेलं की १८ टक्के. तुमच्या १२०० मधले सुमारे १८३ रुपये करात गेले, आमच्या हाती १०१७ आले. तुमचाच ४०० चा हिशेब तीन सत्रांना लावला तर १२०० होतात, आणि त्यावर कर शून्य. म्हणजे तीन वेगळी नाटकं लावून आम्ही जास्त कमावलं असतं. याच कारणानं बाल्कनी ४५० ला ठेवली आहे. तिथे कर लागत नाही आणि विद्यार्थ्याला पूर्ण नाटक बघता येतं. फक्त तिसऱ्या भागाचं तिकीट का देत नाही, असंही तुम्ही विचारलंत. दिलं तर पहिले दोन भाग ती खुर्ची रिकामी राहते.

झाडीपट्टीचं नाव तुम्ही काढलंत याचा मला आनंदच झाला. तिथल्या वडसा परिसरातल्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्रीमागून रात्री उभ्या असतात, त्यांच्यासमोर मी हात जोडतो. पण तिथे गावातलं मंडळ प्रयोग ठरावीक रकमेला घेतं, शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जमलेली पंचक्रोशी रात्री मंडपात येते, आणि मंडपात माणसं मावतील तितकी बसतात. आमच्या सभागृहात खुर्च्या मोजलेल्या आहेत. शिवाय हे नाटक महिन्याकाठी एकदा होतं, तेवढ्यासाठी तालमीला माणसं पुन्हा गोळा करावी लागतात.

लांबी वाढवली, हे मात्र मला मान्य नाही. घराच्या तीन पिढ्या अडीच तासांत दाखवता येतात, कथा सांगून होते. पण पहिल्या भागात जिची वेणी घातली जाते ती मुलगी तिसऱ्या भागात सासरहून परत येते, तेव्हा प्रेक्षकाच्याही अंगावरून ती वर्षं गेलेली असावी लागतात. १९९४ मध्ये दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णींनी आपल्या नागपूरच्या नाटककार महेश एलकुंचवारांची वाडा त्रिनाट्यधारा, म्हणजे एकाच घराण्यावरची तीन नाटकं, सलग सादर केली होती, दिवसभराचा प्रयोग. मराठी माणूस नाटकाला इतका वेळ देतो हे तेव्हाच दिसलं. असं काम बघायला नागपूरकरांनी मुंबई-पुण्याला का जावं? आमचा सगळा खटाटोप याच हट्टापायी आहे.

चौघांचे ४८०० एका दमात काढणं जड जातं, हे मी समजू शकतो. पुढच्या वेळी बाल्कनीच्या मधल्या रांगा घ्या, तिथून रंगमंच पूर्ण दिसतो. प्लॅन उघडला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, की सभागृहाच्या खिडकीवरच या. ऑनलाइन बुकिंगचं वेगळं शुल्क तिथे लागत नाही, आणि खुर्ची नकाशावर बघून निवडता येते.